कातळाच्या वर चिलापी पोचला कसा?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात केरीच्या बाजूला तुमचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग आहे. त्याच्या कडेने जाणारा व्हाळ (ओढा) अंजुणे धरणाच्या खालच्या अंगाला वाळवंटीला, म्हणजे मांडवीच्या उपनदीला मिळतो. एप्रिलमध्ये पाणी कोंडींपुरतं (डोहांपुरतं) उरलं, तेव्हा वीतभर लांबीचे काळपट, काटेरी मासे दिसले. वडील म्हणतात काळुंदर, शेजारी म्हणतो धरणातला चिलापी चढून आला. व्हाळात मध्ये पुरुषभर उंचीचा कातळ आहे आणि मासे कातळाच्या खालीही आहेत, वरही आहेत. पावसात ते सगळ्या नदीत पसरतील का आणि जाळी मारून संपतील का, हे तुम्हाला हवं आहे.

मी गेली वीसेक वर्षं गोव्यात आणि दोडामार्गच्या बाजूला मत्स्यशेतीचा सल्ला देतो आणि उन्हाळ्यात व्हाळांमधल्या माशांच्या नोंदी ठेवतो. तुमच्या प्रश्नातली सर्वात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे, ती म्हणजे तो कातळ. त्याच्याकडे येतोच. आधी मासा कोणता ते ठरवू, कारण पुढचं बहुतेक त्यावरच अवलंबून आहे.

वडिलांना हसू नका. काळुंदर आणि चिलापी, म्हणजे तिलापिया, एकाच कुळातले. दोघांचं अंग चपटं, दोघांच्या पाठीवर काटे, आणि फोटो अंधुक असला की मीही फसतो. पण एक खूण फसवत नाही. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो त्याचे टणक काटे मोजा. तीन असतील तर तिलापिया. बारा-तेरा असतील तर काळुंदर, आणि मग माझं हे सगळं उत्तर वाया गेलं असं समजून वडिलांना नुस्त्याची (माशांची) कढी करून घाला. काळुंदर आपला आहे, खाऱ्या-गोड्या पाण्याचा जुना रहिवासी. मेलेला मासा तळहातावर घेऊन हे काटे दोन मिनिटांत मोजून होतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या एका माशाचा गळा पांढुरका आणि बाकी अंग काळं दिसतंय. मोझांबिक तिलापियाचा नर विणीच्या दिवसांत असाच दिसतो. तेव्हा पुढे मी तिलापिया धरून चालतो.

आता कातळ. बाहेरचा मासा नदीत शिरला की पाण्यात शाई पसरावी तसा चहूकडे पसरतो, असं आपल्या डोक्यात असतं. नदी तशी नाही. तिचा आकार झाडासारखा आहे. बुंधा समुद्राकडे, फांद्या सह्याद्रीत. बुंध्याकडून एका फांदीतून दुसऱ्या फांदीत जायचं तर माशाला आधी खाली संगमापर्यंत उतरावं लागतं आणि मग दुसऱ्या फांदीत प्रवाहाविरुद्ध चढावं लागतं. उतरणं फुकट, चढण्याला किंमत पडते. आणि ती किंमत प्रत्येक माशाला वेगळी. अहीर हा सापासारखा मासा ओल्या कातळावरून सरपटत वर जातो. आफ्रिकन मांगूर हवेतला श्वास घेतो, पावसाळी रात्री ओल्या गवतातून शेजारच्या तळीत पोचू शकतो. तिलापियाला यातलं काही जमत नाही. तो ना उंच उडी मारणारा, ना चिकटून चढणारा. पुरुषभर उंचीचा उभा कातळ त्याच्यासाठी भिंत आहे.

मग कातळाच्या वर तो आहे याचा अर्थ एकच. तो वरून आला. तुमच्या व्हाळाच्या वरच्या अंगाला कुठेतरी एखादी तळी, शेततळं, चिऱ्याची जुनी खण किंवा कोणाची तरी सिमेंटची टाकी आहे, तिथे तो आधी होता. धरणातून तुमच्यापर्यंत यायचं तर त्याला सांडव्यावरून वाळवंटीत पडून, संगमापर्यंत येऊन, मग तुमचा व्हाळ चढावा लागेल. कातळाच्या खालचे मासे तसे आले असतील, नाही म्हणत नाही. वरचे नाहीत. आणि वर एकदा झाले की दर पावसात त्यांची पिल्लं खाली पडणारच, म्हणून खालचेही बहुधा त्याच घरचे. शेजाऱ्याचा तर्क धरणावर जातो कारण धरण डोळ्यांत भरतं. शोध मात्र वरच्या बाजूने सुरू करायचा असतो. मी तर कोणी 'मासा सापडला' असं सांगितलं की आधी विचारतो, कुठे सापडला नाही? सर्वात वरची सापडल्याची जागा आणि तिच्या वरची न सापडल्याची जागा, या दोन खुणांच्या मध्ये नव्वद टक्के वेळा कोणाची तरी टाकी निघते.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय, पण शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. पंधराएक वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यात एका ओळखीच्या माणसाला खाणीच्या बंद पडलेल्या खड्ड्यात तिलापिया घालायला मीच सांगितलं होतं. 'फक्त नर' असलेलं बीज मिळतं, त्यामुळे पैदास होणार नाही, खड्डा चारही बाजूंनी बंद आहे, असं माझं गणित. पिल्लांना संप्रेरकाचं खाद्य देऊन नर बनवतात, पण शंभरातल्या दोन-चार माद्या राहतातच. आणि चारही बाजूंनी बंद वाटणारा खड्डा तिसऱ्या पावसात एका कोपऱ्यातून भरून वाहिला. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या व्हाळात करंगळीएवढी पिल्लं. मालकाने मला काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून 'बंद पाणी' हा शब्द मी गोव्यापुरता टाकून दिला आहे. आषाढात इथे बंद पाणी असं काही नसतं.

तिलापियाला एवढं फावतं का, तेही सांगतो, कारण उपाय त्यातूनच निघतो. मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्लं पोहती झाल्यावरही काही दिवस धोका दिसला की ती परत तोंडात येतात. म्हणजे तोंड भरलेली एक मादी एका बादलीतून दुसऱ्या पाण्यात गेली तरी नवी वसाहत सुरू होऊ शकते. आपल्या चढणीच्या माशांना विणीसाठी पहिला पाऊस, गढूळ लोंढा, भाताच्या मळ्यांत शिरणारं पाणी लागतं. याला ते काही लागत नाही. पाणी उबदार आणि संथ असलं की वर्षातून अनेकदा वीण. जागा कमी पडली तर वाढ खुंटवून बोटाएवढ्या आकारातच विणायला लागतो. भारतात हा मासा 1952 साली आणला तो स्वस्तातलं प्रथिन म्हणून, आणि त्या हिशोबात तो नापास झाला तो याच गुणामुळे. तळ्यात हजारो मासे, पण ताटात घ्यावा असा एक नाही.

मात्र याची एक दुखरी नस आहे. याला संथ पाणी लागतं. नर तळाच्या वाळू-चिखलात ताटलीसारखे गोल खड्डे करतो, तिथे अंडी पडतात. सह्याद्रीतून धडधडत येणाऱ्या व्हाळात पावसाळ्यात असा खड्डा एक दिवस टिकत नाही. मी अनेक उभ्या चढाच्या व्हाळांत पाहिलंय, वरून पडलेले तिलापिया एक-दोन उन्हाळे दिसतात आणि नंतर नाहीसे होतात. पण जिथे पाणी अडवलेलं आहे तिथे असं होत नाही.

आणि इथे आपल्या बंधाऱ्यांची गंमत पाहा. लोक मला सांगतात, 'आमच्या खाली बंधारा आहे, मासा वर येणार नाही.' बंधाऱ्याच्या फळ्या आपण कधी घालतो? पाऊस ओसरल्यावर, शेती-बागायतीला पाणी हवं म्हणून. काढतो कधी? पावसाच्या तोंडावर. म्हणजे नदीत मासे हलतात त्या चार महिन्यांत बंधारा उघडा. आणि नोव्हेंबर ते मे, जेव्हा तिलापियाला शांत, उबदार पाणी हवं असतं, तेव्हा आपण फळ्या घालून त्याला विणीचं तळं तयार करून देतो. अडवायचं तेव्हा अडवत नाही आणि पोसायचं नाही तेव्हा पोसतो. मी बंधाऱ्यांच्या विरोधात नाही. माझ्या सासुरवाडीची पोफळं त्याच पाण्यावर उभी आहेत. पण नदीच्या नकाशावर बंधाऱ्यांची रांग पाहिली की मला जिना दिसतो. खालच्या पायरीवर वाढायचं, पावसात फळ्या निघाल्या की काठाकाठाच्या मंद पाण्यातून वरच्या पायरीवर. धरण म्हणजे याच जिन्यावरचा मोठा सज्जा. तुमच्या व्हाळावर कातळाच्या वर बंधारा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर गोष्ट गंभीर आहे. नसेल आणि कोंडी मे महिन्यात आटत असतील, तर अर्धं काम ऊनच करील.

खालच्या बाजूचं चित्र वेगळं. भरतीचा परिणाम मांडवीत पार आत, गांजे गावापर्यंत जाणवतो आणि उन्हाळ्यात खारं पाणी नदीत बरंच आत येतं. रोहू, कटला अशा गोड्या पाण्याच्या माशांना हे खारं पाणी म्हणजे कुलूप. त्यामुळे गोव्याची प्रत्येक नदी, तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, त्यांच्या दृष्टीने वेगळं बेट आहे. तिलापियाकडे या कुलपाची किल्ली आहे. समुद्राएवढं खारं पाणीही तो सोसतो. मांडवी आणि जुवारी कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्याच आहेत. पावसात तर नद्यांच्या मुखाशीही पाण्याचा खारेपणा खूप उतरतो. मानशीतून (बांधाच्या झडपेतून) खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतात शिरला की पोंयींत (तिथल्या तळ्यांत) त्याला घरच मिळतं. म्हणून 'सगळ्या म्हादईत (म्हणजे मांडवीतच) पसरेल का' या प्रश्नाला माझं उत्तर असं की खालच्या पट्ट्यात त्याला पसरायला तुमच्या व्हाळाची गरज नाही. ती लढाई तुमची नाही, तिच्यात जीव आटवू नका. बाकी खाडीतला मोठा शिकारी मासा चोणक त्याची पिल्लं आवडीने खातो, तेवढा हिशोब आपल्या बाजूने आहे.

तुमची लढाई वरची आहे. उंच धबधब्यांच्या आणि कातळांच्या वर जे छोटे व्हाळ उरलेत, तिथे अजून फक्त आपले मासे आहेत आणि तिथे जाणाऱ्या बाहेरच्या माशाला माणसाच्या हातावाचून वाट नाही. दूधसागराच्या वर कुठलाही तिलापिया खांडेपार नदीतून चढून जाणार नाही. जाईल तो डब्यात बसून.

हा माणसाचा हात किती तऱ्हांचा असतो ते पाहिलं की हसू येतं. कोणी फिश टँकमधला काच चाटणारा 'सकर' मोठा झाला म्हणून नदीत 'जीवदान' देतो. तो पुढे काठाच्या मातीत बिळं करतो आणि त्याच्या हाडासारख्या कवचाने जाळी फाटतात. कोणी 'थाई मांगूर' म्हणून आफ्रिकन मांगूर पाळतो, त्यावर 2000 सालापासून बंदी असूनही. डासांसाठी गप्पी सोडणं तर पुण्यकर्मच मानतात. खरं म्हणजे नव्वदच्या दशकात पणजीत मलेरियासाठी आपल्याच पाण्यातला एक इवलासा मासा, आप्लोकायलस ब्लॉकी, वापरून पाहिला गेला होता आणि त्याने डासांच्या अळ्या चांगल्या खाल्ल्या. घरचा गडी असताना बाहेरचा कशाला? आणि रोहू-कटला आपले समजून धरणांत सोडतात, पण ते गंगेकडचे. पश्चिमेला वाहणाऱ्या आपल्या छोट्या नद्यांत तेही पाहुणेच. ते संथ जलाशयात सहसा वीत नाहीत, म्हणून त्यांचा त्रास कमी दिसतो, एवढंच. 2018 च्या महापुरानंतर केरळात नद्यांमध्ये अरापायमासारखे अॅमेझॉनचे मासे जाळ्यात आले. पुराने ते निर्माण केले नाहीत, कोणाच्या तरी तळ्यांतून बाहेर काढले, इतकंच.

कालवे हा याच हाताचा लांब केलेला भाग. तिळारी धरणाचं पाणी म्हणजे मुळात शापोरा नदीच्या खोऱ्यातलं. ते कालव्याने अस्नोड्याच्या बाजूला येतं, आणि अस्नोड्याचं पाणी म्हापशाच्या नदीतून मांडवीला जातं. दोन झाडांच्या फांद्या आपण दोरीने बांधल्या. कालवा दुरुस्तीला बंद असतो तेव्हा तळाच्या डबक्यांत पोरं मासे धरताना मी पाहिली आहेत. दोरीवरून कोण चालतं ते तिथे कळतं. कळसा-भांडुरावर, म्हणजे म्हादईचं पाणी कर्नाटकात वळवायच्या प्रकल्पावर आपण टीएमसीची भांडणं करतो आणि ती केलीच पाहिजेत. पण म्हादईचं पाणी मलप्रभेत गेलं तर पश्चिमेची नदी कृष्णेच्या खोऱ्याला जोडली जाईल, आणि त्या पाण्याबरोबर मासेही जातील, हे त्या भांडणात कोणी फारसं बोलत नाही.

तर इथवर हातात काय आलं? मासा बहुधा तिलापिया, वरचा साठा वरच्याच कुठल्या तरी पाण्यातला, आणि तुमच्या व्हाळात तो टिकेल की नाही हे अडवलेल्या पाण्यावर ठरणार. आता करायचं काय.

आधी मे महिन्याच्या मध्यावर, पहिल्या वळवाच्या आधी, कातळापासून वर चालत जा. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन तिरपं असताना, कोंडींचा तळ दिसतो. ताटलीसारखे गोल खड्डे शोधा. एकाच आकाराचे मासे दिसले तर ते कुठून तरी पडलेले. बोटाएवढे, विताएवढे आणि तांदळाएवढी पिल्लं असे सगळे एकत्र दिसले तर वीण इथेच चालू आहे. जिथे खड्डे आणि मासे दोन्ही संपतात तिथे थांबा आणि आजूबाजूला वळून बघा. पाइप, चर, सांडवा, काहीतरी दिसेल.

कोंडींतले मासे काढायचे तर हेच दिवस. पाणी कमी असतं, बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने, लहान कोंड पंपाने उपसूनही काढता येते. पण आपले मासे हाताने निवडून लगेच परत सोडा. उन्हाळ्यातली कोंड हा त्यांचाही शेवटचा आसरा असतो. आणि तिलापिया जागच्या जागी मारा. जिवंत बादलीत घालून घरी नेऊ नका. पकडलेली मादी तोंडातली पिल्लं बादलीत थुंकते, संध्याकाळी कोणीतरी ते पाणी पाटात ओततो आणि आपणच त्याला कातळाच्या आणखी वर नेऊन ठेवतो. हे घडताना मी पाहिलंय, एकदा नव्हे. एका उन्हाळ्यात संपतील अशी आशा धरू नका. सलग तीन उन्हाळे काढलेत आणि वरचा नळ बंद झाला, तर अडवलेलं पाणी नसलेल्या व्हाळात मी त्यांना संपलेले पाहिलंय. बंधाऱ्याच्या तळ्यात जाळी मारून संपलेले मात्र एकदाही नाही. तिथे फळ्या काढून तळ पूर्ण सुकू दिला तरच.

व्हाळात विष, ब्लीचिंग पावडर, सुरुंग यातलं काही नको. 1897 च्या मत्स्य कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तिलापिया हा त्यातून सर्वात शेवटी मरणाऱ्यांपैकी आहे.

वरच्या टाकीचं वा तळीचं वेगळं. मालकाची तयारी असेल तर मेमध्ये पाणी उपसून तळ भेगा पडेपर्यंत सुकवायचा, ओला राहिलेला भाग चुन्याने झाकायचा. पूर्ण उपसता येत नसेल तर माशांना मारणारी मोहाची पेंड चालते, पण फक्त ज्या पाण्याला बाहेर वाट नाही तिथे, आणि दोन-तीन आठवडे त्यातला थेंबही बाहेर जाता कामा नये. सांडव्याला नुसती जाळी बांधून निश्चिंत होऊ नका. पहिल्याच जोरदार पावसात पोफळीच्या झावळ्या आणि पाचोळा जाळीवर बसतो, पाणी तुंबतं, आणि कोणीतरी वैतागून जाळी उचलून ठेवतो. सांडव्याच्या तोंडाशी खड्डा खणून त्यात खडी भरा आणि पाणी खडीतून झिरपत जाऊ द्या. आधी मोठ्या आसाची जाळी पाचोळ्यासाठी, मागे बारीक आसाची माशांसाठी. तरीही आठवड्यातून दोनदा साफ करावीच लागते.

मालक शेजारीच निघाला, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर पंचायतीत जायची घाई करू नका. त्याने वाईट हेतूने काही केलेलं नसतं, बहुतेक वेळा कोणीतरी माझ्यासारख्यानेच सल्ला दिलेला असतो. टाकी उपसायला स्वतःची दोन माणसं आणि पंप घेऊन जा. निघालेले मासे त्याचे त्यालाच द्या. तिरफळं घालून केलेल्या आमटीत वीतभर चिलापीही खपून जातो. त्याला पुन्हा मासे पाळायचेच असतील तर माझ्याशी बोलायला सांगा, मरळ माशाचं काहीतरी जमवता येईल. आणि तुम्ही तेवढा मागच्या पराचा फोटो पाठवा, जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.